डांगराची अंघोळ

पिंपळगाव बसवंतच्या बाहेर, महामार्गाला लागून असलेल्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये गेल्या हिवाळ्यात जेवणाच्या सुट्टीत रोज एक कार्यक्रम होत असे. सुपरवायझर गोरक्ष विधाते हात धुण्याच्या नळापाशी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाय लांब करून जमिनीवर बसायचा. दोन्ही पायांवर एक डांगर आडवं घ्यायचा. डांगर म्हणजे पुण्या-मुंबईकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात तो. मग मगभर कोमट पाणी घेऊन तो त्या डांगराला अंघोळ घालायचा.

हंगाम अजून सुरू व्हायचा होता. क्रेट धुणं, खोके जुळवणं अशी किरकोळ कामं चालू होती आणि बायकांना वेळ होता. त्या डबे घेऊन भोवती बसत आणि जेवता जेवता सूचना करत.

"भाऊ, मान!"

"डांगराला मान कुठंय?"

"देठ वर हाय ना, तीच मान. तिच्याखाली हात पाहिजे. गेली बघा मान."

"कानामागं धुतलं का?"

"कान कुठंयत छायाताई?"

"आत्ता नाहीत, म्हणून कधीच धुणार नाही का?"

छायाताई म्हणजे घड विंचरणाऱ्या, त्यातले खराब मणी कात्रीने काढणाऱ्या बायकांची मुकादम. तीन पोरं वाढवलेली, आणि गोरक्षपेक्षा मोठा आवाज असलेली पॅकहाउसमधली एकमेव व्यक्ती. हे डांगर तिनेच बाजारातून निवडून आणलं होतं. क्रेटच्या काट्यावर ठेवलं तर तीन किलोच्या आसपास भरलं. "एवढंच असतं पोर," ती म्हणाली. कुणीतरी मार्करने त्याला डोळे काढले, कुणीतरी कपाळावर निर्यातीच्या मालाचं स्टिकर लावलं आणि त्याचं नाव पडलं थोरला. त्यालाही कारण आहे. इकडच्या घरांत अख्खं डांगर बाईने आधी चिरायचं नसतं, पहिला काप पुरुषाने द्यायचा असतो. डांगर म्हणजे घरातला थोरला मुलगा, असं मानतात. आईने मुलावर विळी कशी चालवायची?

गोरक्षला पॅकहाउसमध्ये 'देठभाऊ' म्हणत, तेही पाठीमागे नाही, तोंडावर. त्याचं कामच ते होतं. द्राक्षाच्या मण्यावर पांढुरकी भुकटी असते, नैसर्गिक. बोट लागलं की ती पुसली जाते, मणी चकाकतो आणि परदेशातला गिऱ्हाईक म्हणतो की माल हाताळलेला आहे. म्हणून घड उचलायचा तो देठाला, दोन बोटांत, मण्याला न शिवता. गोरक्ष दिवसभर टेबलांमधून फिरत एवढंच सांगायचा, "देठ धरा. देठ धरा ताई." ही सवय त्याच्या हातात इतकी मुरली होती की लग्नात भटजींनी हात हातात द्यायला सांगितल्यावर त्याने तेजस्विनीची करंगळी तेवढी दोन बोटांत उचलली. ती अजून सांगते, "मला वाटलं, आता हे माझं वजन करून खोक्यात घालतात."

तर हाच माणूस डांगराला अंघोळ घालत होता आणि त्यामागे एक अट होती.

तेजस्विनीचं माहेर देवळ्याचं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम. त्याप्रमाणे सातव्या महिन्यात ओटी भरून ती गेली. जाताना गाडीत बसल्यावर तिने काच खाली केली आणि विचारलं, "सव्वा महिन्याने परत आले, तर बाळाला अंघोळ कोण घालणार?"

प्रश्न सरळ होता आणि उत्तर अवघड. गोरक्षची आई नवसाबाई, हिचे गुडघे वळत नाहीत. पाय लांब करून ती जमिनीवर बसली तर तिला उठवायला दोन माणसं लागतात. पिंपळगावात अंघोळ घालणाऱ्या बायका आहेत, पण जानेवारी उजाडला की त्या सगळ्या पॅकहाउसला कामाला येतात, तिथे रोजंदारी चांगली पडते. आणि त्यांना फोन करकरून बोलावणारा माणूस म्हणजे खुद्द गोरक्ष.

"कुणी नसेल, तर मी हंगाम संपल्यावर येईन," तेजस्विनी म्हणाली. "उन्हाळ कांदा निघून साठवणीच्या चाळीत गेला की."

"म्हणजे मे!"

"म्हणजे मे."

"तोवर ते बाळ मला पाहुणे म्हणायला लागेल. मी घालीन अंघोळ."

"तुम्ही?" ती इतकी हसली की गाडीचा ड्रायव्हरही हसला. "बरं. गोजराआजीने पास केलं, तर सव्वा महिन्याने येते. नाही केलं, तर मे."

गोजराबाई तेजस्विनीच्या माहेरची शेजारीण. तेजस्विनीलाही लहानपणी तिनेच अंघोळ घातली होती आणि त्या वस्तीवरच्या जवळपास सगळ्यांनाच. तिच्यासमोर गावचा सरपंचही जरा जपून बोलतो, कारण तिने त्याला उघडा पाहिलेला आहे.

गोरक्षने तयारीला सुरुवात केली ती चुकीच्या बाजूने. त्याने मोबाईलवरून पाळणा मागवला. पार्सलवाला दारात आला तेव्हा नवसाबाई ओट्यावर बसली होती.

"ज्याचं अजून नाव नाय, गाव नाय, त्याचा पाळणा घरात आणता?" ती कडाडली. येणाऱ्या जिवासाठी आधी काही आणून ठेवायचं नसतं, टोपडंसुद्धा नाही. बाळाला पहिले कपडेही जुने, कुणाचे तरी वापरलेलेच घालतात. "परत ने."

"आजी, पैसे भरलेत याचे."

"मग तुझ्या घरी ने. तुला होऊ दे."

पार्सलवाला पाळणा घेऊन इतक्या वेगाने गेला की सही घ्यायचीही विसरला. गोरक्षला त्या दिवशी एक गोष्ट कळली. वस्तू आणायची सोय नव्हती. तयार करता येण्यासारखे फक्त हात उरले होते. तालुक्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना विचारून त्याने बाकीचं उरकून घेतलं, रक्तगट जुळणारे दोन मित्र सांगून ठेवले, पॅकहाउसच्या पिकअपची टाकी कायम भरलेली ठेवली, मालकाकडून रजेचा शब्द घेतला. उरलेला सगळा वेळ त्याने थोरल्याला दिला.

महिन्याभरात तो लंगोट बांधायला शिकला, दुपट्यात गुंडाळायला शिकला. डांगराला दुपट्यात गुंडाळणं बाळापेक्षा अवघड असतं, असं छायाताईचं म्हणणं होतं, कारण बाळाला निदान खांदे असतात. ती फक्त एका गोष्टीवर अडायची.

"भाऊ, तुमचा हात लय हलका हाय."

गोरक्षला ही स्तुती वाटायची. हलक्या हाताबद्दल त्याला दोनदा बक्षीस मिळालेलं होतं.

डिसेंबरच्या मध्यावर एका सकाळी सासऱ्यांचा, कोंडाजी देवऱ्यांचा फोन आला. कोंडाजी फोनवर नेहमीच पलीकडच्या शेतातल्या माणसाशी बोलल्यासारखे बोलतात. त्यामुळे बातमी गोरक्षबरोबर सगळ्या टेबलांना एकदमच कळली. "नेलंय दवाखान्यात! या!"

पुढच्या काही मिनिटांत काय झालं याबद्दल पॅकहाउसमध्ये अजून दोन मतं आहेत. गोरक्षचं म्हणणं, तो शांत होता. बायकांचं म्हणणं, तो शीतगृहाच्या दारातून बाहेर पडायच्या ऐवजी आत गेला आणि दार लावून घेतलं. त्याला बाहेर काढून पिकअपमध्ये बसवलं गेलं. छायाताईने शेजारच्या सीटवर थोरल्याला ठेवलं आणि त्याला बेल्ट लावला.

"याला कशाला?"

"थोरल्याला मागं ठेवून जात नसतात. धाकटं रुसतं."

टोलनाक्यावर रांग होती. बाजूने फिरणाऱ्या शेंगदाणेवाल्याने काचेतून आत पाहिलं, मग वाकून पुन्हा पाहिलं.

"हे काय दादा?"

"मोठा मुलगा," गोरक्ष म्हणाला. त्याला दुसरं काही सुचलं नाही.

शेंगदाणेवाल्याने पुडी पुढे केली. "घ्या. त्याला पण द्या."

चांदवड मागे टाकून, भावडबारीचा घाट उतरून तो देवळ्यात पोचला तेव्हा मुलगी झालेली होती. तेजस्विनी दमलेली होती, पण त्याला पाहिल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो हाच: "अभ्यास झाला का?"

नर्सबाईंनी बाळ पुढे केलं. गोरक्षने दुपट्याची दोन टोकं बोटांच्या चिमटीत धरली आणि हात अंगापासून लांब ठेवले.

"अहो, पिशवी नाहीये ती," नर्सबाई म्हणाल्या आणि बाळ परत घेतलं.

गोरक्ष बाहेर जिलबी आणायला गेला. मुलगी झाली की जिलबी वाटतात. त्याने ती दवाखान्यात वाटली, दारातल्या रिक्षावाल्यांना वाटली, बसस्टँडवर सटाण्याच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांना वाटली. एका म्हाताऱ्याने विचारलं, "पाव्हणं, कोण झालं?" तर गोरक्ष "जिलबी" म्हणाला आणि पुढे गेला.

बाळबाळंतीण घरी आली आणि गोरक्षची खरी अडचण सुरू झाली. तो जावई होता. कोंडाजींचा मळा देवळ्यापासून थोडा बाहेर. घरात, अंगणात, शेतात सगळीकडे कांद्याच्या लागवडीची धांदल, आणि या धांदलीत जावयाने बसायचं ते खुर्चीवर. तो पाणी तापवायला चुलीपाशी गेला तर सासूबाई, सिंधुबाई, डोक्यावर पदर घेऊन बाजूला झाल्या आणि आतून खुर्ची आली. तो बाळाची दुपटी वाळत घालायला गेला तर दोरीपाशी खुर्ची आली. तो जिथे जाई तिथे खुर्ची मागोमाग येत होती. एकदा तो नुसता हात-पाय धुवायला न्हाणीकडे गेला, तर मागून कोंडाजी खुर्ची घेऊन येताना दिसले.

बाळाला अजून अंघोळ नव्हती. नाळ पडेपर्यंत नुसतं ओल्या फडक्याने पुसून घ्या, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. नाका-कानात तेल घालायचं नाही, कोंडलेल्या खोलीत धुरी द्यायची नाही, हेही सांगितलं होतं. गोजराबाईला यातलं एकही मान्य नव्हतं. "मंग काय लांबून फुंकर घालू पोरीला?" ती म्हणायची. पण तेजस्विनी ठाम होती, आणि गोजराबाई रोज येऊन, मिश्री लावत, ओट्यावर बसून नाळ पडायची वाट पाहायची.

अशा एका सकाळी सिंधुबाई पिकअपमधून डांगर घेऊन आल्या. जावयांशी त्या सरळ बोलत नसत, नवऱ्याच्या मार्फत बोलत. नवरा अगदी शेजारी उभा असला तरी.

"अहो, यांना सांगा, एवढ्या लांबून डांगर आणलं, आमच्या ध्यानातच नाय आलं. आज त्याचीच भाजी करते. जावईबापूंच्या हातानं पहिला काप होऊ द्या."

मान मोठा होता. कोंडाजींनी विळा धुऊन, पुसून पुढे केला. बायका ओट्यावर जमल्या. डांगर पाटावर ठेवलं गेलं. घासूनही मार्करचा एक डोळा निघाला नव्हता आणि त्या डोळ्याने ते गोरक्षकडे पाहत होतं.

गोरक्षने विळा घेतला. पुन्हा खाली ठेवला.

"मामी, हे नका चिरू."

"का? किडकं हाय का?" सिंधुबाई धांदलीत सरळ बोलून गेल्या.

"नाही. चांगलं आहे. फक्त..." त्याने इकडे तिकडे पाहिलं. "याला मी महिनाभर अंघोळ घालतोय."

कोंडाजींनी डोक्यावरची टोपी काढली, आत पाहिलं आणि पुन्हा घातली. आतल्या खोलीतून तेजस्विनीचं हसू आलं आणि मागोमाग "आई गं, टाके" असं कण्हणंही आलं. मग गोरक्षने सगळं सांगितलं. अट, मे महिना, छायाताई, देठाखालचा हात. सांगून झालं तेव्हा गोजराबाईने तोंडातली मिश्री अंगणात थुंकली, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "घाल मंग. आत्ता घाल. पाहू दे."

"आत्ता? डांगराला?"

"डांगरालाच. पोर तुझ्या हाती द्यायच्या आधी डांगर पाहते. तेल आणा गं."

तेल हा भाग गोरक्षच्या अभ्यासात नव्हता. पॅकहाउसमध्ये तेलाची बाटली न्यायला बंदी आहे. पण मागे हटायची सोय राहिली नव्हती. शेजारपाजारची माणसं लागवड सोडून कुंपणाशी आली होती. गोरक्ष ओट्याच्या कडेला पाय लांब करून बसला, थोरल्याला पायांवर घेतलं आणि तेल लावलं. मग पाणी घातलं. मग, छायाताईने शिकवल्याप्रमाणे, मान सांभाळून, त्याला पालथं करायला दोन बोटांनी देठाला उचललं.

थोरला निसटला. तो आधी गोरक्षच्या पायांवरून घसरला, मग ओट्यावरून पायरीवर गेला. पायरीवरून अंगणात आल्यावर त्याने वेग घेतला. वाटेत एक कोंबडी किंचाळत बाजूला झाली, बांधलेली शेळी उभी राहिली, आणि थोरला तेलाने लखलखत, डोळा एकदा दाखवत, एकदा लपवत, गडगडत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपर्यंत गेला आणि चाकावर आपटून दुभंगला.

सगळ्यांच्या माना ट्रॉलीकडून गोरक्षकडे वळल्या. मग गोजराबाई म्हणाली, "नापास."

तेवढ्याने बांध फुटला. कुंपणावरची माणसं कुंपण धरून हसली, सिंधुबाई पदर तोंडात कोंबून आत पळाल्या आणि खोलीतून तेजस्विनीचा आवाज आला, "अहो! मेमध्ये या न्यायला!"

कोंडाजी एकटेच गंभीर होते. ते जाऊन दोन्ही फोडी घेऊन आले. "आता पहिल्या कापाचा प्रश्न नाय उरला," ते म्हणाले. "आपलं आपणच चिरलं."

दुपारी डांगराची भाजी आणि बाजरीची भाकरी होती. भाजी चांगली झाली होती. गोरक्षने दोनदा वाढून घेतली.

संध्याकाळी तो गोजराबाईच्या ओट्यावर गेला. "आजी, चुकलं कुठं?"

"धरतच नाय तू. नुसता शिवतो. घट्ट धर की."

"घट्ट धरलं की माल खराब होतो."

"माल?" गोजराबाई उठून उभी राहिली. तिला राग आला की ती आपल्या बोलीत जाते. "पोर शे ती! द्राक्षसना घड नही! ओलं पोर हलक्या हातात राहत नसतं. त्याला वाटतं आपण पडलो. मंग ते रडतं."

गोरक्ष परत आला. हात त्याने समोर धरून पाहिले. नऊ हंगाम ज्या बोटांना दाबायचं नाही हे शिकवलं, त्यांना आता उलटं कसं सांगायचं हे त्याला कळेना. बारसं चार-पाच दिवसांवर आलं होतं. बारशानंतर त्याची रजा संपत होती.

दुसऱ्या दिवशी त्याने खुर्चीला चुकवलं. कोंडाजींच्या शेतात उन्हाळ कांद्याची लागवड होती आणि मजूर कमी आले होते. गोरक्ष चपला बांधावर काढून सरळ वाफ्यात उतरला.

"अहो, वर या!" कोंडाजी धावत आले. "जावयाला चिखलात घातला म्हणून गाव माझ्या तोंडात शेण घालील."

"मामा, बसून बसून माझं अंग दुखतंय."

"मंग उभे राहा! लावू नका!"

पण गोरक्षने रोपांची जुडी उचलली होती. त्याची ओळ पाहण्यासारखी झाली, सरळ, सारख्या अंतरावर, एकाही पातीला धक्का नाही. शेजारच्या ओळीतल्या बायका मान वेळावून कौतुकाने पाहत होत्या. मग वाफ्यात पाणी सोडलं. गोरक्षची रोपं एकामागून एक उठली, पाण्यावर तरंगली आणि सगळी मिळून एका कोपऱ्यात जमा झाली, लग्नघरात पंगतीची वाट पाहणाऱ्या वऱ्हाडासारखी.

कोंडाजी कडेला उभे होते. जावयाला बोलायचं नाही, हे त्यांनी तीन वर्षं पाळलं होतं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा.

"अरे, दाब की!" ते ओरडले. मग आठवण होऊन खालच्या आवाजात म्हणाले, "जावईबापू."

"दाबलं की रोप मोडेल ना मामा?"

"नाय मोडत! अंगठा घाला. असा. मुळापाशी, मातीसकट. त्याला कळू द्या, कुणीतरी धरलंय." कोंडाजींनी स्वतः गुडघे टेकले आणि गोरक्षचा अंगठा धरून चिखलात दाबला. "आता ओढा."

गोरक्षने ओढून पाहिलं. रोप जागचं हललं नाही. मोडलंही नाही.

पुढचे दिवस तो सकाळ-संध्याकाळ वाफ्यात असे. अंगठ्याची कातडी सोलली, नखात काळी माती बसली. गावात चर्चा झाली की देवऱ्यांनी घरजावई केला वाटतं, तेही मजुरी न देता. सिंधुबाईंची खुर्ची बांधापर्यंत यायची आणि रिकामी परत जायची. दरम्यान नाळ पडली, गोजराबाईने अंघोळ सुरू केली. गोरक्ष चिखलाचे हात धुऊन पाणी आणून द्यायचा, कोपर बुडवून ते कोमट आहे का पाहायचा आणि लांबून पाहत बसायचा. एकदा गोजराबाईने त्याचा हात धरून अंगठा उलटसुलट पाहिला, जशी बाजारात गवार पाहतात.

बारशाच्या सकाळी पॅकहाउसची दुसरी पिकअप बायकांनी भरून आली. गोरक्षला बहीण नाही, म्हणून आत्याचा मान छायाताईचा. पुढच्या सीटवर नवसाबाई होती आणि मागे, बायकांच्या मध्ये, एक मोठं खोकं. त्यात तोच पाळणा होता, तिने स्वतः पुन्हा मागवलेला.

"आई, तू तर परत पाठवला होतास."

"तवा पोर नव्हतं. आता हाय. नाव तासाभरात पडंल." नवसाबाईने इकडे तिकडे पाहिलं. "थोरला कुठंय?"

कोंडाजींनी ट्रॉलीच्या चाकाकडे पाहिलं. छायाताईने घरातल्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पदर डोळ्याला लावला, पण खांदे हसण्याने हलत होते.

अंघोळीची वेळ झाली. न्हाणीपुढे दोन्ही घरच्या बायका गोळा झाल्या. गोजराबाई आली, लुगडं सावरलं, पाट सरकवला आणि गोरक्षकडे बोट केलं.

"बस."

"सगळ्यांसमोर?"

"डांगर सगळ्यांसमोर पाडलंस ना? बस."

गोरक्ष बसला. पाय लांब केले. तेजस्विनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि या वेळी हसत नव्हती. सिंधुबाईंनी पोर त्याच्या पायांवर ठेवली. त्याने तेल घेतलं, तळहातावर चोळलं आणि पोरीच्या छातीवर हात ठेवला, सगळा हात, बोटं नव्हेत. तिने भोकाड पसरलं. शेळी उभी राहिली. छायाताई ओरडली, "मान भाऊ, मान! हिला खरी हाय!"

डावा हात मानेखाली गेला, अंगठा काखेपाशी टेकला आणि तिथेच राहिला. त्याने पाणी घातलं, हात-पाय चोळले, कानांच्या मागे आठवणीने धुतलं. मग पालथं करायची वेळ आली आणि न्हाणीपुढच्या बायका पुढे सरकल्या. पोर तेलाने माखलेली, ओली आणि भयंकर चिडलेली होती. गोजराबाई वाकली आणि काही न सांगता तिने गोरक्षच्या मनगटाला हिसका दिला.

हात हलला नाही. पोर उलटी होऊन त्याच्या पायांवर पालथी आली आणि रडायची थांबली. पाठीवर पाणी पडत होतं, ते ती ऐकत असल्यासारखी पडून राहिली. मग तिने निवांतपणे बारशासाठी आणलेल्या त्याच्या नव्या पँटवर मुतून घेतलं.

"पास का आजी?" गोरक्षने मान वर न करता विचारलं.

"डोकं राहिलंय अजून. बडबड करू नको." पण गोजराबाई सिंधुबाईंकडे वळली होती. "सव्वा महिना झाला की पोरीची बॅग भर. मे-बिय काय नाय. इथं ठेवशील तर हा रोज इकडंच येईल आणि तुझी रोपं लावील."

बारसं झालं. छायाताईने पाळण्यात कानापाशी जाऊन नाव सांगितलं ते महामार्गापर्यंत ऐकू गेलं: संजना.

जानेवारीच्या अखेरीला पॅकहाउस पुऱ्या जोरात होतं. तेजस्विनी आणि संजना पिंपळगावला आल्या होत्या. गोरक्ष सकाळची अंघोळ घालून, कपड्यांना तेलाचा वास घेऊन कामावर येत होता. एका सकाळी नव्याने आलेल्या बायकांना शिकवायला तो टेबलापाशी उभा राहिला. त्याने क्रेटमधून पहिल्या प्रतीचा एक घड उचलला.

"नीट बघा ताई," तो म्हणाला. "घाबरायचं नाही. खाली हात घालायचा आणि अंगठा असा..."

रस त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत आला.

टेबलाच्या त्या टोकाकडून छायाताईचा आवाज आला आणि पाठोपाठ सगळ्या लाइनचा.

"देठ, भाऊ! देठ धरा!"